प्रात्यक्षिकाला गावच गैरहजर

आमच्या घराण्यात होडीत बसून उलटी करणारा मी पहिलाच पुरुष. आजा तांडेल, बाबा तांडेल, चुलते खलाशी, आणि मी मात्र गावची खाडी ओलांडतानासुद्धा डोकं बाहेर काढून माशांना न्याहारी वाढायचो. मॅट्रिक झाल्यावर बाबांनी मला गलबतावरून वेंगुर्ल्यापर्यंत एक फेरी घडवली. परत आल्यावर आयेला म्हणाले, "मिठाच्या गोणीर बसयलंय, तरी ह्यो आतून रिकामो झालो. ह्येच्यापेक्षा मीठ बरा."

अशा माणसानं पुढे काय शिकावं? मी प्रवास आणि पर्यटन शिकायचं ठरवलं.

महाराष्ट्र राज्य नुकतंच झालं होतं, आणि कोल्हापुरातल्या एका खाजगी संस्थेला वाटू लागलं होतं की आता देशोदेशीचे प्रवासी इकडे लोटणार, त्यांना झेलायला माणसं तयार हवीत. संस्था एका पिठाच्या गिरणीच्या माडीवर होती. सर बोलायला लागले की खाली गिरणी सुरू व्हायची. त्यामुळे 'प्रवाशाशी मृदू आवाजात बोलावे' हा धडा आम्ही ओरडून ओरडून शिकलो. अभ्यासक्रम एका वर्षाचा, शेवटी मिळायची ती पदविका. पण गावात सांगताना मी शेवटचं अक्षर खाऊन टाकत असे. तेवढ्यानं पदवी होते.

बाबांना हे शिक्षण समजावणं अवघड गेलं. जन्मभर ज्यांनी बंदरं पालथी घातली, त्यांना 'फिरण्याचं शास्त्र' म्हणजे काय हे मी चुलीसमोर बसून समजावत होतो.

"फिराक शिकूचा लागता?" बाबांनी विचारलं. "माका दर्यान जन्मभर फिरवल्यान. परीक्षा कोणी घेवक नाय."

"बाबा, आपण फिरायचं नाही. लोकांना फिरवायचं."

"मगे तर तुका आधीच येता. माका आज सकाळपासून फिरवतंस."

शेवटी आये मध्ये पडली आणि तह झाला. बाबा म्हणाले, "एक वरीस दितंय. पास झालंस तर तुझा तू बघ. नापास झालंस तर गलबतार येवचा. बालदी घेवन."

ती बालदी वर्षभर माझ्या डोळ्यांसमोर होती. बाकीचे ज्ञानासाठी शिकत होते. मी बालदीपासून लांब पळत होतो.

वर्गात आम्ही चौघे. एक गडहिंग्लजचा उंच मुलगा, जो दिवसाही बॅटरी जवळ बाळगायचा, एक पेठेतला जाडा, ज्याला कुठल्याही गावाची माहिती तिथल्या भज्यांवरून असायची, एक गप्प बसणारा, ज्याच्याबद्दल आजही मला काही सांगता येणार नाही, आणि मी. सर पूर्वी कुठल्याशा थंड हवेच्या ठिकाणी हॉटेलचे व्यवस्थापक होते. उन्हाळ्यातही टाय बांधायचे, बाहेर पडताना डोक्यावर सोला हॅट घालायचे. माणूस कडक, पण मनानं लोण्यासारखा. फक्त वेळापत्रक मोडलं की ते लोणी गोठायचं.

माझी प्रगती कशी होती ते एका उदाहरणावरून कळेल. एकदा सरांनी मला एका काल्पनिक परदेशी पाहुण्याला दिल्लीहून आग्र्याला पाठवायला सांगितलं. मी त्याला मिरजमार्गे पाठवला. कारण रेल्वेचं जंक्शन म्हणून मला तेवढंच माहीत होतं. सर टाय सारखा करत म्हणाले, "तो पाहुणा आता ताजमहाल बघणार नाही. तो तुझ्यासाठी एक बांधणार आहे."

लेखी परीक्षेत मी कसाबसा तरलो. सगळी मदार प्रात्यक्षिकावर होती. प्रत्येकानं एक ठिकाण निवडायचं, त्याची पाहणी लिहायची, वेळापत्रक आखायचं आणि सर व वर्ग यांची सहल तिथे नेऊन आणायची. प्रात्यक्षिकात नापास तो अभ्यासक्रमात नापास. बॅटरीवाल्यानं आम्हाला पन्हाळ्याला नेलं, जो आम्ही सगळ्यांनी पाठ केलेला होता. भजीवाल्यानं नरसोबाच्या वाडीला नेलं, तिथे आम्ही देवापेक्षा बासुंदीसमोर जास्त वेळ हात जोडले. गप्प मुलानंही कुठेतरी नेलं. तिघंही सहज पास झाले. मी मात्र छाती काढून सांगितलं, "सर, मी तुम्हाला समुद्र दाखवतो. माझं गाव."

पाहणी लिहिताना खाडी, माड, देऊळ, किनारा यांवर मी पानंच्या पानं ओतली. 'लोकजीवन व चालीरीती' या भागात मात्र तीन ओळी लिहिल्या: लोक कष्टाळू, देवभोळे व आतिथ्यशील आहेत. भूगोलाच्या पुस्तकात जगातल्या सगळ्याच लोकांबद्दल असं लिहिलेलं असतं. खरं सांगण्यासारखं पुष्कळ होतं, पण टायवाल्या माणसासमोर आमच्या गावचे देव आणि त्यांचे हट्ट काढायची मला लाज वाटत होती. आधी एकदा दशावतारातल्या राक्षसाचं सोंग वर्गात करून दाखवलं होतं, तेव्हा भजीवाला महिनाभर मला 'संकासुर' म्हणत होता.

चतुर्थीला घरी गेलो तेव्हा बाबांना सांगून ठेवलं, "मार्गशीर्षात पुनवेच्या आदल्या दिवशी पाहुणे घेऊन येतो." बाबा जाळ्याची गाठ मारत होते. त्यांनी मान वर केली, आणि आयुष्यात पहिल्यांदा माझ्याकडे कौतुकानं बघितलं.

"मार्गशीर्षात? बरा धरलंस रे. डोक्यात काय तरी आसा तुझ्या."

मला वाटलं, थंडीचे दिवस निवडले म्हणून शाबासकी मिळाली. मी ती खिशात घातली आणि कोल्हापूरला परत आलो.

सरांचं एक आवडतं सूत्र होतं: ठिकाणाचं पहिलं दर्शन प्रवाशाच्या मनात घर करतं, म्हणून ते विचारपूर्वक घडवावं. आमच्या गावाला कणकवलीकडून सरळ रस्ता येतो. तो धुळीचा, सड्यावरून म्हणजे उघड्या कातळाच्या माळावरून उतरणारा, त्यात दर्शन कसलं? मी ठरवलं, पाहुण्यांना पाण्यातून न्यायचं. फोंड्याचा घाट उतरून, तळेऱ्यावरून जामसंड्याला. तिथे शाळेच्या पडवीत मुक्काम, आणि सकाळी खाडीवर जाऊन होडीनं थेट गावाच्या काळजात. वेळापत्रकात मी लिहिलं होतं, 'जलमार्गे मंगल आगमन'.

मंगल आगमनात होडीचा प्रवास येतो, हे लिहिताना माझ्या लक्षात राहिलं नव्हतं.

होडीवाला पलीकडच्या गावचा, मला लहानपणापासून ओळखणारा. मला बघून त्यानं वल्हं थांबवलं.

"खंय चललंस रे?"

"घराक. पाहुणे आसत."

"घराक?" त्यानं माझ्याकडे, मग सरांच्या हॅटकडे बघितलं आणि दाढी खाजवली. "आज?"

"होय, आजच. ठरलेलं आहे," मी कोल्हापुरी रुबाबात म्हणालो.

"शिकलेलो माणूस तू. तुका मी काय सांगतलंय? जावा, जावा. आज तुमका वाटेत कोणय अडवूचो नाय."

त्याच्या आवाजातली गंमत मला कळायला हवी होती. पण होडीनं किनारा सोडला आणि मी माझ्या पिढीजात नसलेल्या धंद्याला लागलो. 'उजव्या हाताला दिसतात ती' एवढं म्हणून मी डावीकडे वाकलो आणि पैलतीरापर्यंत तसाच राहिलो. सगळं गाव समोर पसरलेलं असताना, एकाही घरातून धूर निघत नव्हता की एकही माणूस धक्क्यावर नव्हता, ते माझ्या चारही पाहुण्यांनी पाहिलं. मी खाडीचा तळ पाहत होतो.

उतरलो, तोंड धुतलं, आणि चालायला लागलो. सर खूष होते. "किती शांत!" ते म्हणाले.

"कोकणची शांतता प्रसिद्धच आहे, सर."

पहिलं घर आलं. या घरचा कुत्रा मला चांगला ओळखायचा, म्हणजे दर खेपेला चावायला यायचा. आज आला नाही. दुसऱ्या घराचं दार बंद. तिसऱ्याचंही. विहिरीवरचा दोर काढून नेलेला. गोठ्यात दावी नुसतीच लोंबत होती.

"लोक कुठे आहेत?" सरांनी विचारलं.

"दुपारची झोप, सर."

सरांनी घड्याळ बघितलं. "आत्ता सकाळ आहे."

"आमच्याकडे दुपार जरा लवकर होते."

"आणि कोंबड्या?" भजीवाल्याचं लक्ष नको तिथे नेमकं जायचं. "कोंबड्यासुद्धा झोपल्या?"

मी खुराड्याकडे पाहिलं. दार उघडं, आत एक पीस. माणसं लग्नाला जातात, जत्रेला जातात, पण कोंबड्या बरोबर नेत नाहीत. आमच्या गावात कोंबड्या घेऊन माणसं एकाच कारणानं बाहेर पडतात.

गावपळण.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. काही वर्षांनी एकदा, देवानं कौल दिला की आमचं सगळं गाव उठतं आणि शिवेबाहेर जाऊन राहतं. म्हातारेकोतारे, पाळण्यातली पोरं, गुरं, कुत्री, कोंबड्या, झाडून सगळे. तीन दिवस गाव देवाच्या आणि त्याच्या गणांच्या ताब्यात. हे गण म्हणजे कोण ते लहानपणी आये दिवा लावल्यावर हळू आवाजात सांगायची. त्या दिवसांत गावात कोणी पाऊल टाकायचं नाही. मुदत संपली की मानकरी देवळात जाऊन पुन्हा कौल लावतात, आणि देवानं होय म्हटलं तरच गाव परत घरात शिरतं. मागच्या गावपळणीला मी मालवणात शाळेच्या वसतिगृहात होतो. त्यामुळे हिशेब माझ्या डोक्यातून निसटला होता. जगाला फिरवायला निघालेल्या माणसाला आपलं गाव कधी फिरायला जातं, हे ठाऊक नव्हतं.

आता खरं सांगावं, तर टायवाल्या माणसाला भुतांची गोष्ट सांगावी लागणार. परत फिरावं, तर होडीवाला निघून गेलेला, आणि वेळापत्रक मोडणार. माझ्या डोळ्यांसमोर बालदी आली. मी ठरवलं, सहल चालू ठेवायची. फक्त जरा वेगात.

"हे देऊळ," मी लांबूनच बोट दाखवलं आणि पुढे निघालो.

"आत नाही जायचं?"

"बाहेरूनच छान दिसतं, सर."

वेळापत्रकात 'निवांत पदभ्रमण' लिहिलं होतं. सर हॅट हातात धरून माझ्यामागे धावत होते. मी माझं घर आलं तेव्हा 'हे एक जुन्या पद्धतीचं घर' एवढंच म्हणालो. पाणंदीत सुकलेल्या झावळाचा आवाज झाला, तेव्हा मी सगळ्यांना सूचना केली की इथल्या प्रथेप्रमाणे मागे वळून बघायचं नसतं. बॅटरीवाल्यानं बॅटरी लावली. भर उन्हात.

असे आम्ही धापा टाकत चढण चढून शिवेवरच्या व्हाळाशी, म्हणजे ओढ्याशी पोचलो, आणि पलीकडे मला माझं गाव दिसलं.

सगळंच्या सगळं. सड्यावर झावळांच्या झोपड्या, त्यांच्यातून धूर, बांधलेली गुरं, आंब्याखाली शाळा भरलेली. मास्तरांनी फळासुद्धा उचलून आणला होता. मला इतका आनंद झाला की मी दोन्ही हात वर करून 'ओऽऽ' केलं.

आता जरा त्यांच्या बाजूनं बघा. जिथे चिटपाखरू नाही त्या गावातून पाच आकृत्या पळत येतायत. एक ताडमाड आणि त्याच्या हातात भर उन्हात दिवा, एक घामानं निथळणारा जाडा, एकाच्या डोक्यावर घमेल्यासारखं काहीतरी, आणि सगळ्यांत पुढचा हात वर करून ओरडतोय. शाळा पहिली फुटली. पोरं किंचाळत आयांकडे धावली. एका म्हातारीनं जागच्या जागी डोळे मिटून घेतले. कोणीतरी थाळी वाजवायला लागलं, आणि दोघातिघांनी दगड उचलले.

मी आजही जिवंत आहे तो माझ्या चालण्यामुळे. मी लहानपणापासून एक पाय फेंगडा टाकतो. झोपडीतून आयेचा आवाज आला, "दगड मारू नका रे! ता भूत नाय, ता आमचा आसा!"

आम्हाला व्हाळातच थांबवून गोमूत्र शिंपडण्यात आलं. सरांच्या टायवरही. मग गर्दीतून बाबा आले. सकाळपासून ते कणकवलीच्या रस्त्यावर, शिवेच्या त्या बाजूला आमची वाट बघत उभे होते. चेहरा उन्हानं आणि माझ्यानं लाल.

"खंयसून इलंस?"

"खाडीवरून."

"गावातसून?"

मी मान खाली घातली.

"मेल्या! मी सगळ्या गावाक सांगान ठेवलंय, आमचो झील घाटावरच्या लोकांका गावपळण दाखवूक आणता म्हणून! देवानसुद्धा तुझ्याच तारखेक कौल दिल्यान! आयेन तुझ्या पावण्यांका येगळी झोपडी बांधून घेतल्यान! आणि तू त्यांका थंय घेवन गेलंस?"

तेव्हा मला चतुर्थीच्या त्या कौतुकाच्या नजरेचा अर्थ कळला. अख्ख्या गावाला वाटत होतं की मी फार हुशारीनं दिवस निवडलाय. हे न समजलेला गावातला एकटा माणूस मीच होतो.

गावकर, म्हणजे देवाच्या कामात ज्यांचा शब्द पहिला ते म्हातारे, काठी टेकत आले. त्यांनी तिथल्या तिथे पानाचा विडा ठेवून गाऱ्हाणं घातलं. "बा देवा म्हाराजा! तुझ्या येळेत ह्या आमच्या पोरान घाटावरचे पावणे घेवन तुझ्या गावात पाय ठेवल्यान. पावण्यांची चुकी नाय. पोराक अक्कल कमी आसा, ता तुका पयल्यापासून ठावक आसा. झाला गेला पोटात घाल, रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" सगळं गाव एका आवाजात म्हणालं. अक्कल कमी आहे या मुद्द्यावर गावाचं इतकं एकमत मी पूर्वी पाहिलं नव्हतं. बॅटरीवाला आणि भजीवालाही मोठ्यानं ओरडले.

मी घाबरत घाबरत सरांना सगळं सांगितलं. त्यांनी एकच प्रश्न विचारला. "हे तुझ्या पाहणीत का नाही?"

"लाज वाटली, सर."

"हं," एवढंच म्हणून त्यांनी टाय काढला, घडी करून खिशात ठेवला. मला वाटलं, संपलं. बालदी घासून ठेवावी.

पण आयेनं पानं मांडली. बाकीच्यांना खाडीच्या सुंगटांचं, म्हणजे कोलंबीचं सार आणि सरांना, ते शाकाहारी म्हणून, कुळथाची पिठी. आये त्यांच्यासमोर बसून राहिली. "मास्तरांनू, पोटभर जेवा. माझ्या पोरान तुमका सकाळपासून धावडवल्यान." सरांनी तीन वेळा भात घेतला. संध्याकाळी बायकांनी फुगड्या धरल्या. ज्या सुना एरवी विहिरीवरसुद्धा हळू बोलत, त्या मोकळ्यावर खिदळत होत्या. भांडलेले भाऊबंद एकाच चुलीवर भाकऱ्या भाजत होते, कारण शिवेबाहेर बांधावरून भांडायला बांधच नव्हता. सर गावकऱ्यांबरोबर पत्ते खेळायला बसले आणि हरू लागले. हरताना ते असे हसत की मला त्यांची ओळख पटेना.

दुसऱ्या दिवशी कौलाचा दिवस. वेळापत्रकाप्रमाणे आम्ही दुपारी निघून तळेऱ्याहून कोल्हापूरची गाडी धरणार होतो. पण सर म्हणाले, "कौल बघूनच जाऊ." मानकरी गावात गेले. देवाच्या मूर्तीला पाकळ्या लावतात. उजवीकडची पडली तर होय, डावीकडची पडली तर नाही. दुपार कलली तेव्हा गावकर परत आले आणि त्यांनी मान हलवली.

"नाय दिल्यान."

सगळ्या सड्यानं एकदम माझ्याकडे पाहिलं. गुरांनीसुद्धा.

"ह्येच्यामुळा," कोणीतरी म्हणालं.

"एक रात आणखी झोपडीत. माझी कंबर गेली," दुसरा म्हणाला.

"बरा झाला," फुगडीवाल्यांतली एक पुटपुटली. "माका घरी जावचाच नाय." तिच्या सासूनं तिच्याकडे बघितलं आणि मग, का कुणास ठाऊक, हसलीच.

गाडी चुकली. वेळापत्रक मोडलं. आता त्याचा उरलेला कागद मी चुलीत घातला, निदान चहाला तरी उपयोगी पडावा म्हणून. संध्याकाळी बाबा सरांसमोर जाऊन उभे राहिले. त्यांना मुद्दा सोडून बोलता येत नसे.

"मास्तरांनू, पोरगो पास काय नापास? गलबत चार दिसांनी निघतला. माका कळाक व्हया."

"सहल अजून संपली नाही," सर पत्ते पिसत म्हणाले.

बाबांना उत्तर पटलं नाही. दुसऱ्या दिवशी मानकरी पुन्हा कौलाला निघाले तेव्हा त्यांनी गावकरांना बाजूला घेतलं. "तेवढ्यात आमच्या पोराचा पण इचारून येवा."

मी आयुष्यात बऱ्याच परीक्षा दिल्या, पण निकाल देवळात लागल्याची ही एकच. व्हाळाच्या काठावर आम्ही सगळे उभे. सरही उभे. शेवटी देवळाकडून ढोल वाजला. गावाला कौल मिळाला होता. कोंबड्या टोपलीत, पोरं कडेवर, गाव घराकडे धावत सुटलं. बाबा मात्र गावकरांच्या वाटेत आडवे.

"आणि ह्येचा?"

गावकर दम खात म्हणाले, "पाकळी हलूक नाय. ना उजवी, ना डावी. देव म्हणता, ह्या माझ्या खात्यातला नाय. मास्तराक इचार."

निरोप घेताना आयेनं सरांच्या हातात फणसपोळी दिली, बाबांनी माझ्या हातात काहीच दिलं नाही. फक्त म्हणाले, "बालदी नवी घेतलंय."

फोंडाघाटाला चढणीआधी गाडी थांबते. इंजिन पाणी पितं आणि माणसं चहा. भजीवाल्यानं भजी मागवली. मी कोपऱ्यात बसलो होतो. सर चहा ढवळत म्हणाले, "पूर्वतयारी शून्य. वेळापत्रक शून्य. प्रवाशांना गाव दाखवायला नेलं आणि गावच गैरहजर. मार्गदर्शक होडीत आडवा. माझ्या नोकरीत मी असली सहल पाहिलेली नाही."

मी माझी भजी भजीवाल्याकडे सरकवली.

"आता तुम्ही सांगा," ते बाकीच्यांकडे वळले. "पन्हाळा, वाडी आणि याचं गाव. पुन्हा जायचं झालं तर कुठे जाल?"

"याच्या गावाला," बॅटरीवाला लगेच म्हणाला.

"याच्या गावाला," भजीवाल्यानं भजी गिळली. "पण सर, हा नको बरोबर."

आणि वर्षभर जो बोलला नव्हता तो मुलगा म्हणाला, "हा पाहिजे. हा नसता तर आपण रस्त्यानं गेलो असतो."

सर हसले. खिशातून टाय काढला, बघितला, परत ठेवला. "गाव पास. तू गावाबरोबर पास. चालीरीतींच्या त्या तीन ओळी खोड आणि जे पाहिलंस ते लिहून आण. मग सही करतो."

मी लिहून आणलं. 'दिनांक' या रकान्यात 'देव सांगेल तेव्हा' असं लिहिलं होतं. सरांनी ते खोडलं नाही.

बाबांना ही बातमी दिली तेव्हा ते बंदरात गलबतावर चढत होते. त्यांनी वळून विचारलं, "म्हणजे आता तुका लोकांका घराभायर काढूची पदवी मिळाली?"

"होय बाबा."

"ता आमचो देव फुकट करता," म्हणाले आणि चढले. पण नवी बालदी धक्क्यावरच ठेवून गेले. आयेनं ती पुढे माडांना पाणी घालायला वापरली.

देशोदेशीचे प्रवासी काही लोटले नाहीत. संस्था बंद पडली, माडीवर गिरणीवाल्यानं मिरच्या वाळत घातल्या. मला कोल्हापूरच्या एसटी स्टँडवर चौकशीच्या खिडकीत नोकरी लागली. कोरडी जमीन, डोक्यावर पंखा, आणि समोर सतत कुठेतरी जायला निघालेली माणसं. यापेक्षा जास्त पर्यटन मला नकोच होतं.

अशीच काही वर्षं गेली. मार्गशीर्षातली एक सकाळ, खिडकीसमोर रांग. मी मान वर न करता उत्तरं देत होतो. पुढच्या माणसानं माझ्या गावाचं नाव घेतलं.

"कणकवलीची गाडी धरा," मी म्हणालो. "संध्याकाळी गावात पोचाल."

"गावात?" तो म्हणाला. "गाव तर बाहेर आहे ना?"

मी वर बघितलं. डोक्यावर सोला हॅट, गळ्यात टाय नाही, खांद्यावर वळकटी, मागे पिशवीत भांडी घेऊन उभी असलेली त्यांची बायको.

"तुझ्या वडिलांनी कंडक्टरकडून निरोप पाठवलाय, कौल मिळाला म्हणून," सर म्हणाले. "झोपडी बांधून तयार आहे. तुला नाही कळलं?"

मला नव्हतं कळलं. मी खिडकीवर 'बंद' ची पाटी लावली, रांगेतल्या लोकांच्या शिव्या खाल्ल्या, आणि साहेबाकडे रजा मागायला धावलो. सर मागून ओरडले, "आणि या वेळी रस्त्यानं!"